हायस्कूलची निवड : आत किती आले, पार किती गेले?

(उमरी येथे बौद्ध पालकांच्या सभेत एका वकील बांधवाने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



धम्म स्वीकारल्यावर घरातून काय बाहेर काढावयाचे, हे आपणां सर्वांस उत्तम प्रकारे ठाऊक झाले आहे. देव्हारा गेला, नवस गेले, अंगात येणे गेले. परंतु त्या मोकळ्या झालेल्या जागी काय यावयाचे, याचा विचार अद्याप पुरता झालेला नाही. ती जागा प्रज्ञेची आहे, आणि गरिबाच्या घरात प्रज्ञा येते ती शाळेच्या दारातून. म्हणून आज मी एकच विषय मांडणार आहे. मुलास किंवा मुलीस कोणत्या हायस्कुलात घालावे, आणि ते ठरविताना दोन शाळांची तुलना कशी करावी?

आजपर्यंत ही निवड आपण कशी करीत आलो? भावकीतील मुले जेथे जातात तेथे आपलेही मूल गेले. कोणी शाळेची नवी इमारत पाहून भुलला, कोणी मुलांच्या गळ्यातील टाय पाहून. आणि पुष्कळांनी चौकात लावलेला फलक वाचला : ‘दहावीचा निकाल शंभर टक्के’. एवढे वाचले की पालकाचे समाधान होते. माझे म्हणणे असे आहे की, त्या फलकावर जे लिहिलेले असते त्याहून जे लिहिलेले नसते तेच आपल्या कामाचे आहे.

१२ मार्च १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एक साधा हिशेब मांडला होता. सरकारने शाळांत इतकी मुले घातली, एवढ्यावर ते संतुष्ट नव्हते. प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या १०० मुलांपैकी चौथ्या इयत्तेपर्यंत केवळ १८ पोहोचतात आणि उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत लोटली जातात, हे त्यांनी सभागृहास दाखवून दिले. बंधुभगिनींनो, बाबासाहेबांची ही दृष्टी नीट समजून घ्या. शाळेत किती आले, हा अर्धा प्रश्न. किती पार गेले, हा उरलेला अर्धा. हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेविल्याशिवाय शाळेविषयी कोणतेही मत बनविणे व्यर्थ होय.

हीच दृष्टी आज आपल्या तालुक्यातील हायस्कुलांस लावून पाहू. समजा, एका शाळेत आठवीला ६० मुले दाखल झाली. त्यांपैकी दहावीच्या परीक्षेस ३६ बसली आणि ३६ ही उत्तीर्ण झाली. त्या शाळेचा निकाल शंभर टक्के. दुसऱ्या शाळेत आठवीला ५० मुले आली, परीक्षेस ४६ बसली, त्यांतील ४१ उत्तीर्ण झाली. तिचा निकाल ८९ टक्के. चौकात फलक पहिल्या शाळेचा लागेल. परंतु आठवीत पाऊल टाकणाऱ्या दर १०० मुलांपैकी पहिल्या शाळेने ६० पार नेली आणि दुसऱ्या शाळेने ८२. आता सांगा, चांगली शाळा कोणती? पहिल्या शाळेतून जी २४ मुले मध्येच नाहीशी झाली, ती कोठे गेली? ती कोणाची होती? ज्यांचे आईबाप ऊसतोडीस किंवा वीटभट्टीवर जातात त्यांची होती काय? आपल्या मुलास त्या शाळेत घालण्यापूर्वी हा प्रश्न विचारणे हे आपले कर्तव्य आहे, कारण उद्या त्या २४ मध्ये आपलेही मूल असू शकते.

मी न्यायाने बोलले पाहिजे. मधून गेलेले प्रत्येक मूल शाळेच्या दोषाने गेले असे नव्हे. बापाची नोकरी बदलते, कुटुंब गाव सोडते, मूल रीतसर दाखला घेऊन दुसऱ्या शाळेत जाते. तसेच नववीत बाहेरून नव्याने आलेली मुलेही हिशेबातून वेगळी काढली पाहिजेत. म्हणूनच मुख्याध्यापकांस नम्रपणे विचारावे की, गेलेल्यांपैकी किती जण दुसऱ्या शाळेत शिकत आहेत? जो मुख्याध्यापक वही काढून उत्तर देतो त्याची शाळा मुलांची मोजदाद ठेवते. जो प्रश्नावरच रागावतो त्याच्या रागातच आपले उत्तर आले असे समजावे.

या हिशेबात १७ नंबरच्या अर्जाचे स्थान मोठे आहे. ज्यांची शाळा सुटली त्यांस खासगीरीत्या दहावीस बसता यावे म्हणून परीक्षा मंडळाने ही सोय केली आहे. शेतमजुरी करणाऱ्या तरुणास किंवा लहानपणी लग्न झालेल्या भगिनीस ती वरदान ठरते. परंतु याच सोयीचा उपयोग काही ठिकाणी उलटा केला जातो. नववीत मूल कच्चे दिसले की पालकास बोलावून सांगितले जाते, ‘दाखला काढा आणि १७ नंबरचा अर्ज भरा.’ मूल शाळेबाहेर जाते आणि शाळेचा निकाल शंभर टक्के राहतो. ज्या मुलास शिक्षकाची सर्वांत अधिक गरज, त्यासच शिक्षकावाचून ठेवावयाचे, हा प्रकार शिक्षणाचा नव्हे. असा सल्ला मिळाल्यास सही करू नका. मूल कोणत्या विषयात मागे आहे आणि त्यासाठी शाळा काय करणार आहे, हे लेखी मागा.

येथे कायद्याची एक मर्यादा आपणांस स्पष्ट सांगणे मला भाग आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. ६ ते १४ वर्षांच्या बालकास त्याने मोठे संरक्षण दिले आहे. प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत, मुलास शाळेतून काढता येत नाही. कलम १७ अन्वये मारहाण आणि मानसिक छळ यांस मनाई आहे. दाखला मिळण्यास उशीर झाला म्हणून दुसऱ्या सरकारी अथवा अनुदानित शाळेस प्रवेश नाकारता येत नाही. परंतु हे छत्र आठवीपाशी संपते. नववी आणि दहावी, म्हणजे ज्या दोन वर्षांत आपली मुले गळतात नेमकी तीच दोन वर्षे, या अधिनियमाच्या बाहेर आहेत. जेथे कायदा थांबतो तेथे पालकाने उभे राहावयाचे असते. म्हणून हायस्कूलची निवड ही पहिलीच्या प्रवेशाहून अधिक जबाबदारीची बाब आहे.

आता आपल्यापुढे कोणकोणत्या प्रकारच्या शाळा आहेत ते पाहू. पश्चिम महाराष्ट्रात माध्यमिक शिक्षण बहुतांशी खासगी संस्थांच्या हाती वाढले. आपल्या मराठवाड्यात मात्र हैदराबाद संस्थानाच्या काळापासून सरकारी हायस्कुले होती. १९६२ साली जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यावर तो वारसा त्यांच्याकडे आला. म्हणून आपल्याकडे जिल्हा परिषदेची दहावीपर्यंतची हायस्कुले आढळतात. त्यांच्याशेजारी संस्थांच्या अनुदानित शाळा आहेत आणि अलीकडे विनाअनुदानित इंग्रजी शाळाही निघाल्या आहेत. याशिवाय निवासी शाळा आहेत. सामाजिक न्याय विभागाच्या अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलामुलींसाठीच्या शासकीय निवासी शाळा सहावीपासून दहावीपर्यंत मोफत शिकवितात. नांदेड जिल्ह्याचे जवाहर नवोदय विद्यालय बिलोली तालुक्यात शंकरनगर येथे आहे. तेथे मुख्य प्रवेश सहावीस परीक्षेद्वारे होतो, किमान तीन चतुर्थांश जागा ग्रामीण मुलांसाठी असतात आणि अनुसूचित जातीच्या मुलांसाठी राखीव जागा असतात. ज्यांचे मूल आज पाचवीत आहे त्यांनी या परीक्षेचा अर्ज चुकवू नये. आठवीत आल्यावर जागे होणे म्हणजे गाडी निघून गेल्यावर स्थानकावर पोहोचणे होय.

या शाळांची तुलना करताना किती मुले पार गेली या मुख्य प्रश्नाच्या जोडीस आणखी चार प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न शिक्षकांचा. इमारत गणित शिकवीत नाही. गणित, विज्ञान आणि इंग्रजी हे तीन विषय शिकविणारे शिक्षक प्रत्यक्ष हजर आहेत काय, की जागा रिकामी असून दुसऱ्याच विषयाचा शिक्षक तास भरून काढतो? सहावी ते आठवीसाठी दर ३५ मुलांमागे एक शिक्षक असावा आणि विज्ञान व गणित, समाजशास्त्रे व भाषा यांसाठी किमान एकेक शिक्षक असावा, असे अधिनियमाची अनुसूची सांगते. तेथे गणिताचा शिक्षक नसेल तर नववीत मूल गणितात का पडते, याचे कारण शोधण्यास दूर जावे लागणार नाही. पुढे नांदेड आणि लातूर येथील अकरावी-बारावीच्या शिकवण्यांसाठी आपण कर्ज काढतो. परंतु ज्याचा पाया आठवी ते दहावीत भरला गेला नाही, त्याच्यावर लातूरचा कोणताही गवंडी मजला चढवू शकत नाही.

दुसरा प्रश्न पैशाचा, आणि तो पहिल्या वर्षाचा नव्हे, दहावीच्या शेवटच्या दिवसापर्यंतचा. पुष्कळ पालकांनी २५ टक्के राखीव जागांतून मुलास विनाअनुदानित इंग्रजी शाळेत घातले आहे. तो त्यांचा हक्कच आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम बदलून हा हक्क आकुंचित करण्याचा जो प्रयत्न झाला तो मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये रद्द ठरविला. परंतु ही मोफत जागा आठवीपर्यंतचीच आहे. नववीत शाळा पूर्ण फी मागते आणि ती भरता न आल्याने मूल ऐन मोक्याच्या वर्षी माध्यम बदलून दुसरीकडे जाते. म्हणून नववी-दहावीची फी किती, हे पहिलीतच विचारून ठेवावे.

याच प्रश्नाची दुसरी बाजू शिष्यवृत्तीची आहे. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा आठवीत होते. उत्तीर्ण होऊन निवड झालेल्या मुलास नववीपासून बारावीपर्यंत दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांहून अधिक नसावे, अशी अट आहे. परंतु ही शिष्यवृत्ती सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतील मुलांसाठीच आहे. विनाअनुदानित शाळेतील मूल तीस पात्र ठरत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेस नाक मुरडण्यापूर्वी चार वर्षांच्या ४८,००० रुपयांचा हा हिशेब मांडून पाहावा. आणि अनुदानित शाळेत गेल्यास विचारावे की, गेल्या वर्षी आपल्या शाळेतून या परीक्षेस किती मुले बसली? ज्या शाळेने एकही मूल बसविले नाही तिने गरिबाच्या मुलाचे दार स्वतःच लावून घेतले आहे.

तिसरा प्रश्न आपल्या मुलींचा आहे. मुलीचे शिक्षण बंद होते ते पुष्कळदा वर्गात नव्हे, रस्त्यात. एस.टी. किती वाजता येते, शाळा सुटल्यावर परतीची गाडी केव्हा आहे, थांब्यापासून घर किती दूर? इयत्ता पाचवी ते बारावीच्या ग्रामीण मुलींस एस.टी.चा मोफत पास मिळतो. पण वेळेवर गाडीच नसेल तर पास काय कामाचा? शाळेत मुलींसाठी वेगळे स्वच्छतागृह आहे काय, त्यास पाणी आणि आतून कडी आहे काय, हे आईने स्वतः जाऊन पाहावे. बापाने विचारले तर ‘आहे’ एवढेच उत्तर मिळते. आईने पाहिले तर खरे उत्तर मिळते. म्हणून शाळा पाहण्यास घरातील स्त्रियांनी गेलेच पाहिजे, असा माझा आग्रह आहे.

चौथा प्रश्न स्वाभिमानाचा. वर्ग झाडण्याची पाळी सर्वांची असते की ठरावीक मुलांची? जेवणाच्या पंगतीत कोण कोठे बसते? शिक्षक मुलास नावाने हाक मारतात की वस्तीच्या नावाने? आणि नव्याने धम्मात आलेल्या कुटुंबांसाठी विशेष महत्त्वाचे म्हणजे, शाळेतील पूजापाठात भाग घेण्याची मुलावर सक्ती होते काय? संविधानाच्या अनुच्छेद २८ चे तिसरे उपकलम स्पष्ट आहे. राज्याने मान्यता दिलेल्या किंवा अनुदान दिलेल्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण घेण्यास अथवा उपासनेस उपस्थित राहण्यास कोणासही भाग पाडता येत नाही. मूल अज्ञान असेल तर पालकाची संमती लागते. हा हक्क भांडण करून नव्हे, तर शांतपणे दोन ओळींचे पत्र देऊन बजावावा. मुलास मात्र इतर मुलांच्या श्रद्धेचा उपहास करण्यास शिकवू नये. आपला धम्म मैत्रीचा आहे.

चांगल्या शाळेतही दोष असतात, आणि दोष आहेत म्हणून शिक्षण टाकावयाचे नसते, याचा धडा आपणांस बाबासाहेबांच्या पित्याकडून मिळतो. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलास प्रवेश नाकारला गेला होता. त्या प्रकरणानंतर, १८५८ मध्ये, सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळा सर्व जातींस खुल्या राहतील, हे तत्त्व मान्य झाले. सार्वजनिक शाळेचे दार असे झगडून उघडलेले आहे. त्याच दारातून ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाल भीमराव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात दाखल झाला. मुंबईस आल्यावर सुभेदार रामजींनी त्यास प्रथम मराठा हायस्कुलात आणि मग एल्फिन्स्टन हायस्कुलात घातले. परळच्या चाळीतील एका खोलीत राहणारा तो निवृत्त सैनिक शाळा पारखीत होता आणि मुलास पहाटे अभ्यासास उठवीत होता. त्याही नामांकित शिक्षणात संस्कृतचे दार भीमरावास बंदच राहिले आणि त्यास फारसी घ्यावी लागली. तरी पित्याने शाळा सोडविली नाही. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाला. निवड करणे, लक्ष ठेवणे आणि मधून सोडू न देणे, ही तीन कामे सुभेदारांनी केली. त्यांतील एकही काम श्रीमंतांसाठी राखून ठेवलेले नाही.

आता ही माहिती मिळवावयाची कशी? एकटा बाप शाळेत गेला तर त्यास दारातूनच वाटेस लावले जाण्याचा संभव असतो. एका वस्तीतील पाच पालक, त्यांत दोन-तीन माता, मिळून गेल्यास खुर्ची मिळते. प्रत्येक शाळेस यू-डायसचा ११ अंकी क्रमांक असतो. त्यावरून शिक्षकसंख्या, पटसंख्या, स्वच्छतागृहे यांची नोंद कोणासही संगणकावर पाहता येते. आपल्या शिकलेल्या मुलांकडून ती काढून घ्यावी आणि प्रत्यक्षाशी ताडून पाहावी. एवढ्याने भागले नाही तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ आहे. १० रुपयांचे तिकीट लावून जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा : अमुक शाळेत अमुक साली आठवीत दाखल किती, नववीत किती, दहावीस बसले किती, उत्तीर्ण किती. उत्तर ३० दिवसांत द्यावयाचे असते. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास शुल्क नाही. तीन वर्षांचे असे आकडे मागवून ते विहाराच्या भिंतीवर लावल्यास चौकातील फलकास ते चोख उत्तर होईल.

शाळा निवडल्यावर प्रवेशाच्या दिवशी एक काळजी अवश्य घ्यावी. शाळेच्या नोंदवहीतील नाव, जन्मतारीख, धर्म आणि जात या नोंदी स्वतः वाचून पाहाव्यात. शाळा सोडल्यावर त्या दुरुस्त करणे फार कष्टाचे होते. अनुसूचित जातींविषयीचा संविधान आदेश १९५० चा आहे. त्यात १९९० साली दुरुस्ती होऊन बौद्धांचा समावेश झाला. अनुसूचित जातीतून धम्मात आलेल्या मुलाचा हक्क धर्मांतराने जात नाही. परंतु केंद्र शासनाच्या सवलतींसाठी प्रमाणपत्रावर मूळ अनुसूचित जातीचा उल्लेख लागतो, आणि पडताळणीच्या वेळी बाप व आजोबा यांच्या शाळेतील नोंदी तपासल्या जातात. म्हणून धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’ लिहावे, आणि जातीच्या रकान्यातील नोंद वडिलांच्या कागदपत्रांशी जुळणारी असावी. काही बांधव विचारतात, ‘जात सोडली, मग ती पुन्हा लिहावयाची कशाला?’ त्यांचा सवाल मनापासूनचा आहे. माझे उत्तर असे की, ती नोंद जातीचा अभिमान म्हणून नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या जो अन्याय झाला, त्याचा तो पुरावा आहे. मनातून जात काढून टाकावी, परंतु पुरावा फाडून टाकू नये.

बंधुभगिनींनो, आपल्या आजोबांच्या काळी या भागात हायस्कूलच विरळा होते आणि संस्थानातील वरचे शिक्षण उर्दूतून चाले. १९५० साली बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीमार्फत औरंगाबादेत महाविद्यालय काढले. पुढे मिलिंद या नावाने ओळखल्या गेलेल्या त्या महाविद्यालयाने मराठवाड्यातील आपल्या मुलांस पदवीपर्यंतची वाट दाखविली. परंतु त्या वाटेवर पोहोचण्यापूर्वी दहावीचा उंबरठा ओलांडावा लागतो. आज उमरीच्या पालकापुढे शाळा नाही ही अडचण नाही. कोणती शाळा आपल्या मुलास शेवटपर्यंत धरून ठेवील, हे ओळखण्याची अडचण आहे.

प्रवेशाचे दिवस येतील तेव्हा आपण कोणाच्याही टायकडे पाहू नका. वही व पेन्सिल घेऊन जा आणि प्रत्येक हायस्कुलात हा एकच सवाल विचारा : आठवीत किती आले आणि दहावी पार किती गेले? जी शाळा या सवालाचे प्रामाणिक उत्तर देईल आणि मागे पडलेल्या मुलाचा हात सोडणार नाही, तिच्यातच आपले मूल घाला. एकदा घातल्यावर, सुगी असो की ऊसतोड, दहावीचा शेवटचा कागद लिहून होईपर्यंत त्यास तेथून काढू नका.

जय भीम!